आमचं गाव नेमकं कोणाचं? (लोकसभेला एकीकडे, विधानसभेला दुसरीकडे, ग्रामपंचायतीला तिसरीकडे)

मळेवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज पाऊस उघडत नाहीये म्हणून बसलो. (मे २०२५, आणि असा पाऊस, कांदाचाळीत जायचा कांदा शेतातच भिजला, पण तो विषय वेगळा.)

आमचं गाव चांदवड तालुक्यात. मतं साडेअकराशेच्या आसपास, दोन बूथ. एक नंबरला गावठाण, दोन नंबरला मळ्यातल्या वस्त्या. पाहुण्यांत गेलं की लोक विचारतात, तुमचं गाव कोणाचं हो? मला आता याचं उत्तरच देता येत नाही.

मे २०२४ ला लोकसभेला आमच्याकडे शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या भास्कर भगरे सरांना दोन्ही बूथवर चांगलं लीड मिळालं. दिंडोरी मतदारसंघात केंद्रात मंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार लाखाच्या वर मतांनी पडल्या. सहा महिन्यांनी विधानसभा झाली आणि त्याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा जागा महायुतीला. चांदवड, निफाड, येवला, नांदगाव, कळवण, दिंडोरी, सगळ्या! आमच्या गावानेही तेच केलं. आणि ग्रामपंचायतीत जे पॅनल बसलंय त्याचं या दोन्हीशी काही देणंघेणं नाही, त्यात दोन्हीकडची माणसं आहेत, ते आहे भावकीचं.

टीव्हीवाले म्हणाले ग्रामीण भाग फिरला, लाट आली, लाट गेली. मी इथेच जन्मलो, इथेच राहतो, मला लाटबिट काही दिसली नाही. तीच माणसं, तोच पार. मला वाटतं आम्ही तीन वेळा तीन वेगळ्या प्रश्नांना उत्तर दिलं आणि बाहेरच्यांनी तो एकच प्रश्न समजला.

आता खरं दुखणं सांगतो. विधानसभेचा निकाल लागल्यावर बूथवार आकड्यांचा कागद व्हॉट्सअॅपवर फिरला. आमचा दोन नंबरचा बूथ थोडा मायनस निघाला, म्हणजे निवडून आलेल्याला तिथे कमी मतं. तेव्हापासून वस्तीचा शिवरस्ता अडकलाय. कोणी सरळ नाही म्हणत नाही, पण "तुमच्या वस्तीने काय केलं ते माहितीये" हे मला तोंडावर ऐकवलं गेलंय. माझी मुलगी त्याच चिखलातून शाळेत जाते.

तर तुमच्या गावात मत कसं ठरतं, आणि गावाचं मत म्हणजे नक्की काय, हे मोकळेपणाने लिहा. पक्षाचा प्रचार नको ही विनंती.

शंकासुर
आमचं गाव नेहमी निवडून आलेल्याचंच असतं. निकालाच्या दिवशी दुपारी दोननंतर विचारा, सगळे आधीपासूनच त्याचे असतात, गुलालसुद्धा घरात तयार असतो.

गोदाकाठ
मळेवाला भाऊ, निफाडकडून बोलतोय. लोकसभेचं कोडं अजिबात अवघड नाही हो. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, लाल कांदा ऐन बाजारात असताना. लासलगावला लिलाव बंद पडले होते आठवतंय ना. नंतर एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या दोन हजार टनाला परवानगी दिली, त्या बातमीने तर जाळच झाला. बंदी उठवली कधी, तर ४ मे ला. आपलं मतदान २० मे ला. तोवर ज्याचा कांदा गेला त्याचा गेला होता. आमच्या गावात जन्मभर कमळावर बटण दाबणाऱ्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, "पक्ष माझाच आहे, पण या वेळेला त्याला कळलं पाहिजे." तो फिरलाबिरला नव्हता, रागावला होता. नोव्हेंबरमध्ये कांद्याला भाव होता, राग उतरला, मग बटण परत जुन्या जागी.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. आपल्या मतदारसंघात भगरे आडनावाचाच एक अपक्ष होता, चिन्ह तुतारी. खऱ्या उमेदवाराचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली. म्हणजे खेड्यातल्या एवढ्या लोकांचा राग चुकीच्या बटणावर गेला. माझी आजी त्यातलीच, घरी येऊन सांगत होती "तुतारीला दिलं." आम्ही तिला काही बोललो नाही.

चुलीपुढची
गोदाकाठ भाऊ, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे पण अर्धंच. कांद्याचा भाव आणि पाराचा राग सगळं पुरुषांचं झालं. गावातली निम्मी मतं बायकांची आहेत आणि विधानसभेला काय झालं ते तिथे शोधा.

माझं माहेर पिंपळगावच्या बाजूचं, सासर देवळा तालुक्यात. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यावर यायला लागले तेव्हा आमच्या वस्तीवरच्या किती बायकांनी पहिल्यांदा स्वतः बँकेत जाऊन पैसे काढले, ते मी डोळ्यांनी बघितलंय, कारण अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर फिरले. आधार लिंक नाही, खातं बंद पडलेलं, नावात चूक, रात्री अकरापर्यंत मोबाईलवर बसायचो आम्ही.

पुणेरी_आयटी
ताई, रागावू नका, पण याला मत विकत घेणं नाही तर काय म्हणायचं? दीड हजारात मत गेलं असंच ना.

चुलीपुढची
दादा, रागावले नाही, पण सांगते. कांद्याला भाव मिळाला म्हणून बाप्याने मत दिलं की त्याला तुम्ही म्हणता शेतकऱ्याचा कौल. कंपनीला कर माफ झाला म्हणून शेठने मत दिलं की ते धोरणाला समर्थन. आणि बाईने स्वतःच्या खात्यावर आलेल्या पैशाकडे बघून मत दिलं की ती विकली गेली? दिवसभर खुरपून तीनशे रुपये मिळतात आमच्याकडे, तेही घरात द्यावे लागतात. ज्याने दिले त्याला दिलं, इतका साधा हिशेब होता. आता एकवीसशे करणार म्हणाले होते ते झाले नाहीत, त्याचाही हिशेब बायका ठेवून आहेत, बघा तुम्ही.

आणि घरात सांगितलेलं बटण दाबतात हा समज आता सोडा. माझ्या सासूने आयुष्यभर मामंजींनी सांगितलेलं केलं. गेल्या वेळी मी विचारलं कोणाला दिलं, तर म्हणाल्या, "ते मी आणि मशीन."

शंकासुर
"ते मी आणि मशीन" हे मी दारावर लिहून ठेवणार आहे.

माणदेशी
सांगोल्याची गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडे उलटं होतं. आमच्या गावात कोणाचं सरकार आहे याने वर्षानुवर्षं फरक पडला नाही. गणपतराव देशमुख म्हणजे आबा, शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष), १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. मधे हरलेही, १९७२ ला आणि १९९५ ला. राज्यात शेकाप आकसत गेला, आमच्याकडे नाही. बाहेरचे विचारायचे, अहो तो पक्ष शिल्लक आहे का? आमचे आजोबा म्हणायचे, आमच्यासाठी शिल्लक आहे.

याचं कारण विचारधारा होती असं मी पूर्ण म्हणणार नाही. गावात लाल बावटा होता, सभा व्हायच्या, वर्ग व्हायचे, ते खरंच. पण मुख्य म्हणजे दुष्काळी मुलूख, पाण्याचा प्रश्न, आणि आबा एसटीने यायचे, कोणाच्याही ओसरीवर बसायचे. माणूस सापडायचा. २०१९ ला आबा उभे नव्हते, नातू उभा राहिला तर ७६८ मतांनी जागा गेली. तालुक्यातल्या प्रत्येक गावाने तेव्हा आपापली बेरीज मांडली, आमच्या गावातले ते बारा जण पुण्याहून आले असते तर, असं. २०२४ ला परत शेकापचाच आमदार झाला, आबांचे नातू बाबासाहेब. म्हणजे लोकसभेला, विधानसभेला राज्यात वारं कुठलंही असो, इथे लोक घर बघून देतात. हे चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चाकरमानी_९१
आमच्या कोकणात मत वाडीवर ठरतं. देवळात बैठक, गावकर बोलणार, मुंबई मंडळाचा फोन येणार. ग्रामपंचायतीला मुंबईहून खास गाड्या सुटतात, मीही गेलोय, येताना फणस पण आणलाय. पण खरं सांगायचं तर देवळात "हो" म्हणून आलेले सगळे बूथमध्ये "हो" म्हणत नाहीत. वाडीने एकमताने ठरवलेल्या उमेदवाराला वाडीतच तीस मतं कमी पडली होती, आणि नंतर वर्षभर ते तीस कोण यावर चर्चा. लग्नपत्रिका देतानाही लोक मनात मोजत होते.

सिंदफणा
बीड जिल्ह्यातून लिहितोय. तुम्ही कांदा, पाणी, रस्ता बोलताय, आमच्याकडे गेली दोन वर्षं या गोष्टी मागे पडल्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असताना बाजारात चार हजाराच्या आसपास विकलं, एरवी यावर सरकार हललं असतं. पण सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर गावात प्रत्येक गोष्ट मराठा की ओबीसी अशी विचारली जायला लागली. लोकसभेला बीडचा निकाल साडेसहा हजार मतांवर आला. एवढ्या मोठ्या मतदारसंघात साडेसहा हजार म्हणजे काहीच नाही, आणि प्रत्येक गावाला वाटतं आपणच ते केलं.

आमच्या गावात दोन चहाची हॉटेलं आहेत. पूर्वी ज्याला जवळ पडेल तिथे तो बसायचा. निकालानंतर काही महिने इकडचे तिकडे जायचे बंद झाले होते. माझा लहानपणापासूनचा मित्र, आम्ही एका ताटात जेवलोय, तो समोरून येताना फोन कानाला लावायचा. मळेवाला भाऊ, तुमचा रस्ता अडला, आमचं बोलणं अडलं. कारण तोच बूथचा कागद. त्यात कोणाचं नाव नसतं, पण गावात कोणत्या बूथला कोणती गल्ली आहे ते शेंबड्या पोरालाही माहीत.

निवृत्त_गुरुजी
सिंदफणा यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. मी तीस वर्षं शिक्षक होतो आणि बऱ्याच निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमातच होती. कुठल्या गावाने कोणाला दिलं हे लपून राहावं हाच हेतू. मशीन आल्यावर मिसळणं संपलं, कारण प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं मोजलं जातं. संध्याकाळी मतदान संपलं की एजंटला १७ क चा नमुना मिळतो, त्यात एकूण किती मतं पडली तेवढंच असतं. मोजणी झाल्यावर मात्र नमुना २० तयार होतो, त्यात केंद्रवार कोणाला किती ते सगळं, आणि तो जाहीर असतो. मळेवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरला तो हाच.

यावर उपाय सुचलेला नाही असं नाही. टोटलायझर नावाचं यंत्र आहे, साधारण चौदा केंद्रांची मतं एकत्र करून बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये तसा प्रस्ताव दिला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारने मानलं नाही. शहरात हजारभर मतांच्या बूथमध्ये कोण कोणाला ओळखतो? पण पाचशे मतांच्या वस्तीवर गुप्त मतदान हा शब्द कागदावर राहतो. मी स्वतः एका केंद्रावर बघितलंय, एका उमेदवाराला एकच मत पडलं होतं आणि संध्याकाळपर्यंत गावाने तो माणूस शोधून काढला होता. बरोबर शोधला की चूक, देव जाणे, पण त्याला त्रास झाला.

गोदाकाठ
गुरुजी, माहितीबद्दल आभार, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही. बूथवार आकडा लपवला तर गावाला आपलं मत तपासता कसं येणार? माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवा. विधानसभेनंतर तिथले लोक म्हणाले आमच्या गावात आमच्या उमेदवाराला ८४३ आणि समोरच्याला १००३ असे आकडे उलटे दिसतायत, हे आमचं मतदान नाही, आणि ३ डिसेंबरला त्यांनी स्वतः मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. पोलिसांनी होऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं खरं की खोटं त्यात मी जात नाही, तो उमेदवार तर निवडूनही आला होता. पण गावाला प्रश्न विचारता आला तो त्याच कागदामुळे. चौदा बूथ एकत्र मिसळले असते तर त्यांनी काय विचारलं असतं?

निवृत्त_गुरुजी
तुमचा मुद्दा मोलाचा आहे, मी यावर रात्रभर विचार केला. गावाला तपासायचा हक्क हवा आणि वस्तीला लपायचाही हक्क हवा, दोन्ही एकदम कसं द्यायचं ते मला सुचलेलं नाही. पण एक फरक बघा. मारकडवाडीच्या लोकांना इतकी खात्री का होती? कारण गावात कोण कोणाला देतो हे सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. चाकरमानींचे ते तीस लोक आणि ताईंच्या सासूबाई त्या खात्रीत बसत नाहीत.

पुणेरी_आयटी
विषयांतर होतंय पण विचारतो, बिनविरोध ग्रामपंचायत केली तर हे सगळे वाद मिटतील ना? हिवरे बाजारला तीस वर्षं निवडणूकच झाली नव्हती.

चुलीपुढची
हिवरे बाजारला पाणी अडवण्यापासून सगळं काम लोकांनी आधी केलं, बिनविरोध त्याच्याबरोबर आलं. आणि २०२१ ला तिथेही निवडणूक झालीच. आमच्या शेजारी उमराण्याला त्याच जानेवारीत काय झालं ते विचारा. देवळासाठी म्हणून सरपंचपदाची बोली लागली, दोन कोटींच्या वर गेली, राज्य निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. बिनविरोध म्हणजे नेहमी एकी असं नसतं. बोलीच्या वेळी बायका कुठे असतात? कितीतरी बिनविरोध गावांत विरोध करणाऱ्याला फक्त आधी गप्प केलेलं असतं.

वस्तीवरचा
बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. मळेवाला भाऊ, तुमच्या दोन नंबरच्या बूथवर मळ्यांच्या वस्त्या आहेत. आमच्याकडे दोन नंबरचा बूथ म्हणजे बौद्धवाडा आणि मातंग वस्ती. लोकसभेला चारशे पारची घोषणा झाली, संविधान बदलणार अशी भीती पसरली, आणि आमच्या वस्तीने खरंच मनापासून मतदान केलं, म्हाताऱ्यांना खाटेवरून आणलं. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी सांगितलं नाही. ते मत आमचं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण तेव्हापासून गृहीतच धरलंय की वस्तीचं मत एकगठ्ठा. विधानसभेला आमच्यातल्या किती बायकांनी लाडक्या बहिणीला दिलं, तरुणांतल्या काहींनी वंचितला दिलं, एकाने नोटाला. हे कोणाला दिसत नाही. एक बाजू म्हणते तुम्ही आमचेच, म्हणून येत नाही. दुसरी म्हणते तुम्ही आमचे नाहीच, म्हणून येत नाही. गटाराचं काम मात्र दोघांच्याही यादीत नाही. मायनस बूथचं दुखणं तुम्हाला आत्ता लागलं, आम्ही ते मतपत्रिका होत्या तेव्हापासून बघतोय. तुम्हाला टोचावं म्हणून नाही लिहीत भाऊ, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

मळेवाला
वस्तीवरचा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. खरं आहे, आमच्या गावातही एक नंबरच्या बूथच्या यादीत शेवटची दोन पानं आहेत, मी एजंट म्हणून बसायचो तेव्हा ती पानं आली की आम्ही एका झटक्यात टिक मारत जायचो, यांचं ठरलेलंच म्हणून. त्या पानांवरच्या एकाही घरात मी कधी विचारायला गेलो नाही. हे लिहायला मला जड जातंय पण लिहितो.

सिंदफणा
मळेवाला भाऊ, असं इथे लिहायला धाडस लागतं.

माणदेशी
जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ लाच संपली, नंतर तीन वर्षं निवडणुकाच झाल्या नव्हत्या. रस्ता अडण्याचं हेही एक कारण बघा. पूर्वी गटाचा सदस्य असायचा, आमदार विरोधातला असला तरी त्याच्याकडे जाता यायचं. मग एकच दार उरलं, आमदाराचं, आणि त्या दाराने तोंड फिरवलं की संपलं. मायनस बूथची किंमत म्हणून एवढी वाढली. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निवडणुका घ्या.

गोदाकाठ
+१. हा मुद्दा कोणीच बोलत नाही.

शंकासुर
मूळ प्रश्न राहिला की, गाव कोणाचं?

मळेवाला
आठ दिवसांनी येतोय, माफ करा, भिजलेला कांदा निवडण्यात गेले. निम्मा फेकला, गोल्टी (बारीक कांदा) मिळेल त्या भावाने दिली.

शंकासुर, पाहुण्यांनी विचारलं तर मी आता उलट विचारणार आहे, कुठल्या निवडणुकीचं सांगू आणि कोणत्या घराचं. माझ्याच घराचं सांगतो. वडील कांद्यावर मत देतात, बायको काय करते ते सांगत नाही (चुलीपुढची ताईंमुळे मी विचारायचं सोडलं), भाऊ नाशिकला कंपनीत आहे तो मोबाईलवर बघून ठरवतो, आणि मी आजवर भावकीबरोबर गेलो. चार मतं, चार कारणं. त्याची बेरीज करून आमची वस्ती मायनस म्हणतात.

रस्त्याचं सांगायचं तर ग्रामसभेत विषय काढला. बूथचा उल्लेख न करता फक्त शाळेत जाणाऱ्या पोरांची यादी वाचून दाखवली, सतरा पोरं. त्यातली सहा गावठाणातल्यांचीच, त्यांचे मळे तिकडे आहेत. निधीचं काही ठरलं नाही, पण मुरूम तरी टाकू म्हणून लोक तयार झाले. परवा ट्रॅक्टर आले, दोन गावठाणातले, तीन आमचे. नाल्यापर्यंत झालं, पुढे पाऊस लागला.

चाकरमानी_९१
नाल्याच्या पुढे किती राहिलंय?

मळेवाला
चारशे मीटर असेल. तिथली माती काळी आहे, आता वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर आत जाणार नाही. पोरांना तेवढं उचलून नेतोय.